तिसऱ्या चौकोनातला गजेंद्र

“खो!”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगाला ओल्या मातीचा वास होता. आदल्याच दिवशी मला आंजी गावच्या मैदानात रोवलं होतं. आवाज होता गजेंद्रचा. बारीक पण खणखणीत. मैदानापलीकडच्या बैलांनी माना वर केल्या.

मी त्या मैदानावरचा खो-खोचा खांब. मोडक्या बैलबंडीच्या सागवानी लाकडातून लखन सुतारानं मला घडवलं. दोन दिवस रंधा मारत होता. “पोराईच्या हातात काडी घुसाले नाई पाह्यजे,” म्हणायचा. समोर दुसऱ्या टोकाला माझा भाऊ उभा होता. बारा वर्षं आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो, भेटलो कधीच नाही. पुढे त्याला उधईनं खाल्लं.

आमच्या खेळात आठजण मधल्या पाटीवर ओळीनं बसतात, नववा पळतो. पळणारा थकला की बसलेल्याच्या पाठीला हात लावून मोठ्यानं ‘खो’ म्हणतो. मग बसलेल्यानं उठायचं. त्याआधी नाही. उठायची कितीही घाई असली तरी नाही.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात जिल्ह्याचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर झाला, पुलगावच्या संघाशी. गजेंद्र माझ्यापासून तिसऱ्या चौकोनात बसला होता. धीरज पळत होता. शेवटचं मिनिट होतं. धीरजच्या छातीचा भाता झालेला. त्यानं गजेंद्रच्या पाठीला हात लावला आणि खो दिला, पण आवाज फुटलाच नाही, नुसता श्वास बाहेर आला. गजेंद्रनं ऐकला. मी जवळ होतो, मीही ऐकला. पंचांनी ऐकला नाही.

गजेंद्र उठला आणि शिट्टी वाजली. एका गुणानं आम्ही हरलो.

सगळ्यांनी धीरजकडे पाहिलं. धीरजनं मान खाली घातली.

आमचे तानबा गुरुजी शांत माणूस. कोणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. पण त्या दिवशी सगळ्या गावासमोर म्हणाले, “खो भेटल्याबिगर उठला तू. गजू, माह्या मैदानावर आता पाय ठेवू नको.”

गजेंद्र मैदानाबाहेर चालत गेला. पुढच्या वर्षी तो पुण्याला कारखान्यात लागला. मला तोंड असतं तर मी बोललो असतो. खांबाला तोंड नसतं. धीरजला होतं.

मग वर्षं गेली. सराव बंद पडला. माझ्या गळ्यात शेळ्यांची दावी पडली.

संगणक मी कधी पाहिला नाही. जे कळलं ते धीरजच्या तोंडून. तो वर्ध्याला कारकून झाला होता. दोन हजार सहा साली गजेंद्रनं ऑर्कुटवर जिल्ह्यातल्या जुन्या खो-खोवाल्यांना एकत्र जमवलं. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, सगळीकडचे. धीरज शनिवारी सायबर कॅफेतून कागद छापून आणायचा आणि रविवारी सकाळी इथे बसून गुरुजींना वाचून दाखवायचा. गुरुजी माझ्या डोक्यावर हात ठेवून ऐकायचे.

पुलगावचा बाबाराव वारला तेव्हा गजेंद्रनं लिहिलं, “आपल्या खेळात खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. बाबारावला बसवून ठेवू नका. प्रत्येकानं एक खो द्या.” दोन दिवसांत साठजणांनी नावाखाली ‘खो’ लिहिला. तळेगावची सपना गेली, तिलाही असंच उठवलं. तेव्हापासून तो रिवाजच झाला.

“गजूनं देल्ला काय?” गुरुजी विचारायचे.

“पयला त्याचाच असते, गुरुजी.”

कागदाच्या शेवटी गजेंद्रची एक ओळ दर वेळी असायची. गुरुजी मैदानावर येतात का? माझं कधी नाव घेतात का?

गुरुजी माझ्या डोक्यावरून तळवा फिरवायचे. मग म्हणायचे, “ये म्हणा त्याले. एकडाव ये म्हणा.”

धीरज कागदाची घडी करून खिशात ठेवायचा.

यंदाच्या दिवाळीनंतर गजेंद्र गेला. मशीनवर उभा होता, तिथेच छातीत कळ आली. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. त्याच्या नावाखाली शंभरावर खो आले. गुरुजींचा तेवढा आला नव्हता. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, मैदानावर जमू आणि गुरुजींच्या तोंडून देऊ.

गेल्या रविवारी सातजण आले. फक्कीनं चौकोन आखले. पोटं सुटलेली, गुडघे वाकेनात.

“हळू बस बे घनश्या, उठवाले क्रेन आणा लागन!”

“तू आपलं पाह्य. खाली बसला का उठून राह्यला, तेच समजत नाई!”

हसले, आणि मग सगळ्यांची नजर रिकाम्या तिसऱ्या चौकोनाकडे गेली.

गुरुजी काठी टेकत आले. तेवढ्यात माझ्या शेजारच्या दुसऱ्या चौकोनातून, बसल्या बसल्याच, धीरज बोलला.

“गुरुजी, त्या दिवशी मी खो देल्ता. आवाज नाई निघाला माह्या. गजूची चूक नव्हती.”

बसलेल्या सगळ्यांनी त्याच्याकडे माना वळवल्या.

“अन् तुमचं ‘ये’ मी त्याले कधी कळवलंच नाई. तो आला असता तं सारं उघडं पडलं असतं. मले भेव वाटला.”

गुरुजींचा चेहरा मला दिसला नाही. ते तिसऱ्या चौकोनापाशी गेले. वाकले. जिथे पाठ असायला हवी होती तिथे, हवेत, त्यांनी तळवा ठेवला. ओठ हलले. नुसता श्वास बाहेर आला.

तो खो मी ऐकला. बाकी कोणी ऐकला की नाही, ठाऊक नाही.

पुढच्या महिन्यात इथे लोखंडी खांब येणार आहेत, म्हणून हे सांगून ठेवतो. मला उपटून चुलीत घातलंत तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त गावात सांगा, गजेंद्र खो मिळाल्यावरच उठला होता.

त्या रविवारी सगळे माती झटकत उठले. धीरज उठला नाही. गुरुजी त्याच्या पाठीमागे येऊन थांबले. धीरजची पाठ ताठ झाली, मान खाली गेली. गुरुजींचा हात वर आला, थोडा वेळ तसाच राहिला.

मग तो हात त्यांनी माझ्या डोक्यावर टेकवला. काठी सावरली. आणि खो न देताच ते फाटकाकडे चालत गेले.