एक जूनचा माणूस

“मामा, कोणच्या सालात नेऊ तुम्हाला?”

इंद्रायणीने कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं, तेव्हा पुंजारामांना हसूच आलं. मंठ्याच्या शिक्षणसंस्थेचे ते हेडक्लार्क. ती टेंभुर्णीची, गेल्या वर्षी लागलेली कॉम्प्युटरवाली. साऱ्या मास्तरांच्या निवृत्तीच्या तारखा काढणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. आज, तीस मे दोन हजार सातला, तो तपासायला नमुना म्हणून पुंजारामांचंच सेवापुस्तक घेतलं होतं.

“अगं, पण आज म्हंजे आज. ते कसं काय बदलून राह्यली तू?”

“हा प्रोग्राम कुठंबी आडला की एकालाच, कॉम्प्युटरातल्या घड्याळाला, इचारतो, ‘आज तारीख काय?’ त्याच्या जागी मी चालू प्रोग्राममधीच माझा माणूस बसवते. तो म्हणंल ती तारीख. तपासणी झाली की खऱ्याला परत जागेवर आणायचं. ते इसरलं की समदा घोळ!”

“बहुरूपीच म्हण की! बरं, एक्क्याऐंशीला ने. जिल्हा नवा झाला ना, त्या साली मी लागल्तो.”

पडद्यावर उमटलं: सेवा चालू.

पुंजाराम बघतच राहिले. त्या साली बायको, आसराबाई, होती. पहिल्या दिवशी तिने नवा सदरा घालायला लावला आणि “हापिसात मान खाली घालून बसू नका,” असं बजावलं. संध्याकाळी कार्बन पेपरने काळी झालेली बोटं घेऊन ते सायकलवरून घरी आले, तर खळखळून हसली, “शाळेतून आलं का लेकरू!” तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि घर खायला उठलं. तेव्हापासून ते रविवारीही कार्यालय उघडून बसत.

“आता शेवट बघू,” इंद्रायणीने आपला माणूस भराभर पुढच्या सालांत आणला. “जन्म एक जून एकोणपन्नास. अठ्ठावन्न भरले की महिनाअखेर. तीस जून! मामा, अजून महिना हाये तुमचा.”

पुंजारामांनी पडद्यावरची तारीख पुन्हा वाचली. एक जून! शाळेत गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना हीच तारीख चिकटवली होती. खरी तारीख आईलाही ठाऊक नव्हती. “ज्वारी काढून राह्यलो होतो,” एवढंच ती सांगायची. आणि नियम असा, की पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्याच दिवशी निवृत्त होतो. म्हणजे उद्या. हा नियम ठाऊक असलेले कार्यालयात आता ते एकटेच. साऱ्यांच्या निवृत्तीच्या नोटिसा तेच काढत, स्वतःची काढायला मात्र हात धजत नव्हता. अध्यक्ष काकासाहेब तर कालच म्हणाले होते, “कॉम्प्युटर सांगंल ते बराबर.” नुसतं गप्प बसायचं, की महिना पदरात. जीव तळमळला हो त्यांचा!

“मामा, करू का पक्कं?”

“न्हाई.” त्यांनी सेवापुस्तक तिच्यापुढे सरकवलं. “चुकून राह्यला तो. एक तारखेचा माणूस आदल्या महिन्यात जातो. एकतीस मे. निम्मे मास्तर एक जूनचे हायेत पोरी, समद्यांचं चुकंल.”

तिने दुरुस्ती केली. तपासणी पास झाली. तिने खऱ्याला जागेवर आणलं, पडद्यावर आजची तारीख आली आणि तिचा हात एकदम थांबला.

“मंग मामा… तुमचं उद्याच?”

“उद्याच.”

“अन् कुणाला सांगितलं बी न्हाई तुम्ही?”

 पुंजारामांनी कोरा कागद घेतला आणि वळणदार अक्षरात स्वतःच्या नावाची नोटीस लिहिली. काकासाहेबांच्या सहीपुरती जागा सोडली. मग खाली, डाव्या कोपऱ्यात, ‘नोटीस मिळाली’ असं लिहून आपली सही केली.