सहावं काडतूस

जरा जवळ सरका. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही, आणि सांगितल्यावाचून राहवण्यासारखीही नाही.

बोथट नाकाची, कठीण शिशाची ती गोळी लुकियनच्या तळहातावर पडली होती, आणि तिच्या कमरेभोवतीच्या बारीक खाचेवरून त्याचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरत होता – खाच खोल आहे, काडतुसाचं पितळी तोंड इथे आवळलं की गोळी हलणार नाही... हलणार नाही ना? शेजारच्या डबीत पोकळ तोंडाच्या होत्या, दिसायला देखण्या. अंगात शिरल्या की फुलासारख्या उमलतात. पण कोडियाक बेटावरच्या अस्वलाला आधी चरबी, मग खांद्याचं हाड. उमललेली गोळी तिथेच थबकते. म्हणजे कठीण शिशाचीच. पण किती जड? जड गोळी खोल जाते, तसाच मनगटाला हिसकाही देते, आणि पुतणीचं, तेक्लाचं, मनगट केवढंसं... पहिली लागेल, दुसरी आभाळात जाईल. शिवाय प्रत्येक हिसक्यासरशी रिव्हॉल्वरच्या चक्रातल्या उरलेल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात, केसभरच, आणि –

इथे आला की तो नेहमी थांबे.

"भावोजी, गोळी निवडताय की पोरीला नवरा?" मात्र्योनावहिनीने पेरोकची बशी त्याच्यापुढे सरकवली, मासा, भात, वर खरपूस कणीक. "सकाळपासून तीच एक हातात."

"नवरा वाईट निघाला तर परत पाठवता येतो, वहिनी."

ती हसली. फेब्रुवारीत तिचा नवरा, लुकियनचा भाऊ आर्सेनी वारला, त्यानंतर ती पहिल्यांदाच हसली असावी, आणि तेही माझ्यापुढे... लुकियनने मान खाली घातली आणि पेरोकचा तुकडा मोडला, खाल्ला मात्र नाही.

तेक्ला आर्सेनीची मुलगी. सोमवारी ती नदीवरच्या बांधावर जाणार होती, उन्हाळाभर, प्रवाहाविरुद्ध वर चढणारे सामन मासे मोजायला. कमरेला बापाचं रिव्हॉल्वर. काडतुसं काका भरेल, असं तिने घरात परस्पर सांगून टाकलं होतं. काकाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय म्हणालो असतो – नको? का नको?

नऊ वर्षांपूर्वी याच बाकापाशी, सणाच्या आदल्या संध्याकाळी, त्याने आर्सेनीची सहा काडतुसं भरली होती. गोळ्या बसवून झाल्या, तोंडं आवळायची तेवढी राहिली, आणि चर्चची घंटा झाली. आर्सेनी वचनं गाणार होता. त्याचं वाचन म्हणजे गाणंच असे. देवाचा शब्द तो खालच्या सुरात उचली आणि पायरी पायरीने असा वर नेई की बोटीवरचे राकट लोकसुद्धा टोप्या हातात चुरगाळत उभे राहत. त्यातलं एक वाक्यही चुकायला नको होतं लुकियनला. बोटाने दाबून पाहिल्या, घट्ट वाटल्या. म्हणून तसाच धावला. किती सुंदर गायला होता त्या दिवशी...

चार दिवसांनी ओढ्याकाठी पिल्लांची आई, अस्वलीण, समोर आली. आर्सेनीने दोन बार काढले. तिसरा निघाला नाही.

जीव वाचला, तिच्या पंजाखाली गळा गेला. "माझा नेम चुकला," एवढंच तो पुढे कुजबुजत सांगत राहिला, डॉक्टरला, पाद्रीबाबांना, सगळ्यांना. लुकियनने बोटीत एकट्याने ते अडलेलं चक्र उघडलं तेव्हा तिसऱ्या काडतुसाची गोळी नाक बाहेर काढून चक्र अडवून बसली होती. तिच्यासकट उरलेली चारही काडतुसं त्याने समुद्रात टाकली. आर्सेनीला ठाऊक नाही – या एका वाक्यावर लुकियन आठ ईस्टर भावाच्या ताटाशेजारी जेवला.

आज शेवटी त्याने मधल्या वजनाची गोळी घेतली. तेक्लाला दुसऱ्यांदाही नेम धरता येईल अशी. सहा भरली, आवळली, भिंगातून पाहिली, पुन्हा पाहिली.

दुपारी खडीच्या खाणीपाशी तेक्ला आली ती खिशातून मोजपट्टीचा चिमटा काढतच. एक काडतूस तिने त्याच्या जबड्यात धरलं, आकडा तळहातावर पेनाने लिहिला, आणि ते चक्रात घातलं.

"हे काय?" लुकियनने विचारलं.

"हे शेवटचं. पाच झाडायची आणि सहावं मोजायचं. गोळी पुढे सरकली असेल तर सगळी परत तुझ्या बाकावर."

"कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी. म्हणाले, भरून काकाकडूनच घे, दुसऱ्या कुणाकडे जाऊ नकोस. पण मोज." ती कानात बोळे कोंबत होती. "तोंड का असं केलंस? तुझ्यावर विश्वास आहे रे काका. मोजायचं म्हणजे मोजायचं."

पाच आवाज झाले. डोंगरावरून पाचही परत आले. तिने सहावं काढलं, चिमट्यात धरलं, तळहात वाचला.

"तेवढंच आहे," ती म्हणाली. "पण उद्या आणखी पाच झाडू."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चक्र आर्सेनीच्याच हातात अडलं होतं, त्याला कळणार नाही तर कुणाला? नऊ वर्षं माहीत होतं. मीठ पुढे करताना, माझ्या नावाने मेणबत्ती लावताना... आणि बोलला नाही. मला एकदा शिवी तरी द्यायचीस. एकदा कॉलर धरायचीस. तू मोठा झालास रे आर्सेनी, आणि मी तुझ्या ताटाशेजारी चोरासारखा बसलो.

लुकियन खडीवर बसला. भावावर तो आज प्रथमच रागावला होता, आणि रागावता रागावता त्याच्या ध्यानात आलं की फेब्रुवारीपासून आपण फक्त स्वतःच्या चुकीसाठी झुरत होतो. भाऊ खरा गेला तो आत्ता, या खडीवर. तेक्ला रिकामी पितळी नळकांडी वेचत होती, आणि तो तोंड हातांनी झाकून, आवाज न करता, हलत होता.

तुम्ही देवापुढे दिवा लावाल तेव्हा आर्सेनीचं नाव घ्या, आणि घ्याल ते जरा सुरात घ्या.