तेरावी माळ

मंडईपर्यंत पायी जाऊन मणी आणले मी, आणि नातीनं ते ओवायला कुणाला दिले? माझ्या विहीणबाईंना! वल्लरीला कॉलेजात मायक्रोट्यूब्यूलचं मॉडेल न्यायचं होतं.

"आजी, पेशीत अशा पोकळ नळ्या असतात," ती म्हणाली. "लाल मणी अल्फा ट्यूब्युलिन, पांढरा बीटा. दोघांची जोडी. जोडीवर जोडी रचली की माळ, आणि तेरा माळा गोल उभ्या केल्या की नळी."

विहीणबाईंची नळी अशी सुबक झाली की माझ्या पोटात दुखायला लागलं. त्या चहा घ्यायला आत गेल्या तशी मी एक माळ सोडून पदराखाली घेतली.

"अगं बाई, माकडानं माळ नेली!" मी ओरडले. "कात्रजच्या डोंगरावरून आलं, माणसाएवढं! जाताना नमस्कार करून गेलं."

"संस्कारी दिसतंय," विहीणबाई म्हणाल्या. "गाठसुद्धा सोडवून गेलं."

"असू दे, मी ओवते नवी!" म्हणत मी खोलीत शिरले. दहा मिनिटांनी तीच माळ आणून ऐटीत बांधली.

वल्लरी वाकून बघायला लागली. "आजी, ही उलटी लागली. सगळ्या माळांत अल्फाचं टोक खाली आणि बीटाचं वर हवं. तू नवी ओवलीस ना? मग यात त्या आजीनं आणलेला दोरा कसा?"

तिनं हसत माळ सोडून माझ्याच हातात दिली.

या वेळी मी सुलटी बांधली. गाठ मात्र विहीणबाईंपेक्षा घट्ट मारली.