उरलेला चरा

तिने सीडी दोन बोटांत कडेला धरली, खिडकीपाशी नेली आणि तिरकी करून तिच्यावर उजेड घेतला. चरे दिसले. उभे नव्हते की आडवे नव्हते, गोल होते. मधल्या भोकाभोवती एकाबाहेर एक, केसासारखे बारीक.

"होईल ना गं मावशी?" मागून मुलीने विचारलं.

मुलगी नवऱ्याच्या पहिलीची. ती पाच वर्षांची असताना ही या घरात आली, तेव्हापासून ती हिला मावशीच म्हणते. एकोणीस वर्षं झाली. येत्या रविवारी मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघाली होती, आणि घरभर तिच्या उघड्या बॅगा पसरल्या होत्या.

"मधे मधे अडकते. बाबा म्हणाले, मावशीला दे, तिच्या हाताला यश आहे."

"बाबा म्हणाले?"

"हो. आईचा आवाज फक्त यातच आहे ना. एकदा नीट लागली की फोनवर उतरवून घेते."

"ठेव तिथे. संध्याकाळपर्यंत बघते."

मुलगी उरलीसुरली खरेदी करायला बाहेर पडली. सीडी समोर ठेवून ही नुसती बसून राहिली.

चरे पडलेल्या सीड्या घरी बसून दुरुस्त करायच्या, हा तिचा उद्योग. वाचनालयातल्या मुलांच्या गोष्टींच्या सीड्या येत, नाच शिकवणाऱ्या बाईंच्या येत, कुणाच्या माळ्यावर सापडलेलं जुनं काहीबाही येई. गल्लीत तिला सीडीबाई म्हणत आणि तिला ते आवडे. प्रत्येकाला ती एकच गोष्ट बजावून सांगे: पुसायची तर आतून बाहेर, भोकापासून कडेपर्यंत, सरळ. गोल कधीही नाही. सरळ चरा मशीन ओलांडून जातं, गोल चऱ्यात मात्र गाडीचं चाक रुतावं तसं रुततं. घरातल्या प्लेअरवरही तिने तशी चिठ्ठी डकवली होती. मुलगी अगदी लहानपणापासून सरळच पुसायची.

ऐकत नव्हता तो एकच हात. नवरा चष्मेवाला. दिवसभर दुकानात भिंगं पुसायची, अंगठ्याखाली फडकं धरून गोल, गोल, गोल. जेवताना पाण्याचा पेलाही तो तसाच पुसून घेई. जित्याची खोड.

तिने सीडी पुन्हा उजेडात धरली. काही चरे जुने, मळून गेलेले. काही मात्र ताजे, पांढरे. मंगळवारी दुकान बंद असतं. मंगळवारी दुपारीच ती वाचनालयात सीड्या पोचवायला जाते, आणि दोन-अडीच तास घरी नसते. हे कोडं सोडवायला काही पंडित नको होता.

मेलेल्या बाईवर जळायचं नसतं, हे तिलाही कळत होतं, पण जळत होती खरी. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. मेलेली म्हातारी होत नाही, तिचा आवाज चढत नाही, तिच्या हातून कधी भात करपत नाही. एकोणीस वर्षं घर ओढलं हिने, आणि मंगळवार त्या बाईचा.

तिने सीडी उलटी केली. वर ठसठशीत वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आम्ही, सुट्टीत'. अक्षरसुद्धा चांगलं होतं मेलीचं. खालच्या बाजूला जाड प्लास्टिक असतं, तिथले चरे घासून काढता येतात. वरच्या बाजूला मात्र रंगाचा पातळ पापुद्रा आणि त्याच्या लगेच खाली सगळं साठवलेलं. तिथे सुई एकदा ओढली की खेळ खलास, जगातला कुठलाही कारागीर ते परत आणू शकत नाही.

तिने खणातून सुई काढली. टोक 'आम्ही'वर टेकवलं. हात चुकला म्हणून सांगता आलं असतं, कुणी संशयही घेतला नसता.

मग तिला वाटलं, मोडायचीच आहे तर आधी बघावी तरी. एकोणीस वर्षं आपण हरतोय ते नेमकं कशापुढे?

तिने सुई बाजूला ठेवली. साबणाच्या पाण्याने सीडी धुतली, मऊ फडक्यावर चरे घालवायचं मलम घेतलं आणि आतून बाहेर, आतून बाहेर घासायला बसली. नवऱ्याच्या हाताचा एकेक वेढा तिच्या हाताखाली फिका होत गेला. दोन तास लागले. शेवटी सीडी स्वच्छ झाली, तिच्यात खिडकी दिसायला लागली. तिने ती प्लेअरमध्ये घातली आणि जमिनीवरच बसली.

पडद्यावर पाण्याचा काठ आला. एक बाक. बाकावर नवरा, बारीक, भरपूर केसांचा, डोळ्यांवर चष्मा नाही. संत्रं सोलत होता. बाई कुठेच नव्हती. कॅमेरा तिच्या हातात होता, आणि तिचा फक्त आवाज येत होता.

"अरे, इकडे बघ ना!"

अरे. ही त्याला कायम अहो म्हणत आली होती.

त्याने मान वर केली आणि पाहिलं. सरळ, समोर.

"बघतोय की. सकाळपासून दुसरं काय करतोय?"

आणि तो बघत राहिला. हातातलं संत्रं तसंच राहिलं. डोळ्यांत हसू, ओठांत थोडी लाज.

तिने सीडी थांबवली. उठून पाणी प्यायली, परत येऊन बसली. माणूसच तसा आहे, असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून दमतो, घरी आल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, वर्तमानपत्राशी बोलतो. तसाच घडवलाय त्याला, आपल्यात काही खोट नाही. याच समजुतीवर तिचा संसार उभा होता. आणि हा तर असा बघू शकत होता.

तिने सीडी शेवटपर्यंत पाहिली. ती बाई एकदाही दिसली नाही. वाळूवर सावली पडली तेवढीच. बाकी सगळीकडे तोच, आणि प्रत्येक हाकेला त्याची ती वर येणारी मान.

मग तिने सीडी मागे नेली. रिमोट उचलून आवाज कमी केला. आणखी कमी केला. पार बंद केला.

पाण्याचा काठ आला. बाक आला. तो संत्रं सोलत होता. तिने कपाळावरचे केस कानामागे सारले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी तिने एकदा दाराकडे पाहून घेतलं.

"अरे," ती हळूच म्हणाली, "इकडे बघ ना."

त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.

तिने ते पुन्हा लावलं. मग पुन्हा.

दारात किल्ली फिरली तेव्हा बाहेरचा उजेड उतरला होता. तिने घाईघाईने टीव्ही बंद केला, सीडी काढून डबीत घातली. नवरा आत आला, चपला काढल्या, खुर्चीत बसून चष्मा उतरवला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला. गोल, गोल, गोल.

"झाली का गं ती सीडी?" त्याने चष्म्याकडे बघत विचारलं.

आजवर कुठलंही काम तिने दुसऱ्या दिवसावर टाकलं नव्हतं.

"अहो, नाही अजून," ती म्हणाली. "एक चरा राहिलाय."

"रविवारच्या आत होईल ना?"

"शनिवारपर्यंत ठेवून घेते."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने वर्तमानपत्र उघडलं.

तिने डबी खणात ठेवली. सुई अजून टेबलावरच होती. ती तिने उचलली, पार दुसऱ्या खोलीत नेली आणि शिवणाच्या डब्यात घालून वर झाकण लावलं.