एका लेकरासाठी

"देवाच्या घरातलं बाहीर सांगायचं नसतंय, बाय." आई बयाबाई चर्चची फरशी पुसता पुसता म्हणायची. त्याला चाळीस वर्षं झाली, तरी संयोगिताबाईंच्या कानातून तो आवाज गेला नव्हता.

रविवारची उपासना आटोपली होती. मागच्या खोलीत पाळकसाहेब, पंच आकाराम आणि रविवारी मुलांची शब्बाथशाळा घेणाऱ्या संयोगिताबाई बसल्या होत्या. दाराशी नंदिनी उभी. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीनं, अदितीनं, काल तोंड उघडलं होतं : गाण्याच्या सरावानंतर पेटीमास्तर तिला एकटीला थांबवायचे, नको तिथं हात लावायचे.

"पोलिसात जाऊ नगंस," आकाराम म्हणाला. "माझ्यासमोर ढसाढसा रडून माफी मागितलीया त्यानं. क्षमा करायची का न्हाय आपण?"

"तुमच्यासमोर व्हय?" नंदिनी उसळली. " मग तुमीच करा की! पोरीला कुणी इचारलं? कालपास्नं वेणी घालू दीना ती. मानंला हात लागला की अंग चोरती."

"आपण हे प्रार्थनेत ठेवू," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

 गेल्या नाताळाआधी चिमुकली मैथिली संयोगिताबाईंच्या पदराला झोंबून म्हणाली होती, "बाई, मला पेटीजवळ नका बसवू." मग कारणही सांगितलं होतं. तेव्हा बाईंनी काय केलं? चिठ्ठी लिहिली, 'संकटातल्या एका लेकरासाठी प्रार्थना'. ना नाव, ना गाव. विनंत्यांच्या डब्यात टाकली आणि घरी जाऊन भाकरी थापल्या. पुढच्या रविवारी चिठ्ठी वाचली गेली, मंडळीनं डोळे मिटले. सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणाले ते पेटीमास्तर. मैथिली सरावाला यायची बंद झाली. का, ते बाईंनी विचारलं नाही.

आता बोलावं, तर ठाण्यात पहिला सवाल त्यांनाच : कळलं होतं तर गप्प का? तीस वर्षांची अब्रू एका दमात जाणार. न बोलावं, तर अदितीचा शब्द एकटा पडणार आणि ही शहाणी माणसं तो खोटा पाडणार. 

पाळकसाहेबांनी हात जोडले. आकारामनं मान खाली घातली. नंदिनी पायानं चप्पल चाचपत होती.

"डोळं मिटू नका, साहेब!" बाई उठल्या.  "नंदिनी, थांब गं. मीबी येते ठाण्यात. अदितीच्या आधी मैथिलीनं मला हेच सांगितलं हुतं. मला ठाऊक हुतं, नि मी गप बसले."