नावाचं ताट

भातकुलीच्या पंचक्रोशीत नत्थुजींसारखा जेवणारा माणूस झाला नाही, असं लोक म्हणत, आणि ते ऐकून नत्थुजींची छाती फुगत असे. पुढे त्याच छातीनं दगा दिला, ती गोष्ट वेगळी. रोडग्याच्या पंगतीत पहिलं पान त्यांचं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून काढलेला कणकेचा रोडगा दोन्ही हातांनी कुस्करायचा, त्यावर तुपाची वाटी उपडी करायची, वर घट्ट वरण, बाजूला तेलात पोहणारी वांग्याची भाजी, आणि वाढणारा दमून जाईपर्यंत नाही म्हणायचं नाही. यजमानालाही त्यात मान वाटे. नत्थुजींनी ढेकर दिला की नवस देवाला पोचला, असा गावाचा हिशेब होता.

दोन वर्षांपूर्वी हरभरा सोंगायच्या दिवसांत ते शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जे बसले, ते उठलेच नाहीत. शेजारच्या अब्दुल गफ्फारनं आपल्या मालवाहू गाडीत घालून त्यांना अमरावतीला नेलं, म्हणून वाचले. दवाखान्यात दोन स्टेंट टाकले. सुट्टी देताना डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. तेल अगदी थोडं, तूप बंद, मीठ चिमूटभर, तळलेलं नाही, गोड नाही, तंबाखू तर नाहीच नाही, आणि रोज सकाळी चालायचं. नत्थुजी खाली मान घालून ऐकत होते. त्यांची बायको मनकर्णा मात्र मान वर करून ऐकत होती, कारण हे सगळं करायचं कोणाला होतं, ते तिला ठाऊक होतं.

आणि तिनं केलं. त्यात काही खोट काढता येणार नाही. जिच्या हातच्या गोळाभातावर कढत तेलाची फोडणी ओतल्याशिवाय घरात कोणी घास उचलत नव्हतं, तिनं चमच्यानं तेल मोजायला सुरुवात केली. मिठाचा डबा धान्याच्या कोठीवर, नत्थुजींचा हात पोचणार नाही अशा जागी गेला. पापड-लोणची शेजारी वाटून झाली. पहिले काही दिवस नत्थुजींनी ताटं आपटली, "मले काय बैल समजून राहिली का, पाला घालते?" असं विचारून झालं. मनकर्णा म्हणायची, "बैलाले तरी अक्कल असते. गपचूप जेवा." तिच्या जिभेला धार होती, पण रात्री त्यांचा श्वास चालू आहे की नाही हे ती नाकाशी हात धरून पाहायची, ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.

घरचं असं मार्गी लागलं. अडचण बाहेरून आली.

नत्थुजींचं पंगतीला येणं बंद झालं, तसं लोकांनी त्यांचं पान घरी पाठवायला सुरुवात केली. मानाचा माणूस आहे, आजारी आहे, तर त्याच्या नावाचं ताट काढून झाकून पाठवायचं, ही तिथली जुनी रीत. लग्न असो, तेरवी असो, मारुतीच्या पारावरचे रोडगे असोत, पदराखाली झाकलेलं ताट दारात हजर. "नत्थुजींच्या नावाचं हाये, काकू." परत पाठवावं तर माणसं तुटतात. एकदा तिनं पाठवलं, तर ती बाई दोन महिने नळावर बोलली नव्हती. फेकावं, तर ते त्याहून वाईट.

मनकर्णाच्या सासूनं तिला नवी नवरी असतानाच बजावलं होतं: ज्याच्या नावाचं ताट, त्याचं आयुष्य त्या ताटात. ते ना परक्याला द्यायचं, ना कुत्र्याला घालायचं. एकदा सासऱ्यांच्या नावाचं ताट कोणीतरी उकिरड्यावर टाकलं आणि त्याच महिन्यात सासरे गेले. सासरे आधीच क्षयानं अंथरुणाला खिळलेले होते, ताट सोन्याच्या चौरंगावर ठेवलं असतं तरी जाणारच होते. पण हे सासूला कोण सांगणार, आणि सासू गेल्यावर मनकर्णाला तरी कोण सांगणार? एक पळवाट मात्र सासूनंच दाखवून ठेवली होती. बायको म्हणजे अर्धं अंग. तिनं खाल्लं तर नवऱ्यानं खाल्ल्यासारखंच.

तेव्हा मनकर्णा खायची. नत्थुजी ओसरीवर बिनमिठाचं वरण आणि ज्वारीची भाकर खात असताना ती आत, कोठीच्या आडोशाला, दाराकडे पाठ करून बसायची आणि त्यांच्या नावाचा रोडगा तुपासकट संपवायची. बुंदीचे लाडू, तर्रीची भाजी, भजी, सगळं. भूक असो-नसो. सुरुवातीला गोड लागलं असेल, खोटं कशाला बोला. जीभ तीही होतीच. पण पुढे पुढे औषधासारखं गिळायची. रिकामं ताट परत धाडू नये म्हणून ते घासून, त्यात गुळाचा खडा ठेवून परत द्यायची. मग त्यावर स्वतःच्या स्वयंपाकातलं उरलंसुरलंही खायची, कारण अन्न टाकणं तिच्या रक्तात नव्हतं.

हे एकीलाच माहीत होतं, नसीमबानोला. अब्दुल गफ्फारची बायको, भिंतीला भिंत. ईदचा शीरखुर्मा घेऊन ती मागच्या दारानं आली आणि मनकर्णा लग्नाच्या ताटातली जिलेबी पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरवताना तिला दिसली.

"या अल्ला, काय करून राहिली वं हे?"

"मंग कुठी फेकू?" मनकर्णा म्हणाली. "त्याहिच्या नावाचं हाये."

नसीमबानोनं शीरखुर्म्याचा वाडगा तसाच परत नेला आणि पुढच्या वेळेपासून ती संत्री आणू लागली. सगळ्या गावात एवढं शहाणपण एकीलाच सुचलं.

इकडे नत्थुजी मात्र सुकत सुकत टुणटुणीत झाले. मुलगा गजेंद्र अकोल्याच्या एमआयडीसीत नोकरीला. त्यानं पांढरे बूट आणि रक्तदाब मोजायचं यंत्र आणून दिलं. सकाळी बूट घालून चालायला जायचे, येऊन ओट्यावर बसून दंडाला पट्टा बांधायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडा दाखवायचे. "मनावर ताबा पायजे बाप्पा," असं तंबाखू मळणाऱ्या पोरांना ऐकवायचे. हा ताबा कोणाच्या मनावर चालला होता, तो विषय वेगळा. एकदा मनकर्णाकडे पाहून म्हणाले, "तू बी चालत जाय वं थोडी. फुगून राहिली." ती पाठ फिरवून भाकर थापायला लागली. तिला फार लागलं ते. रडू आलं, तर म्हणाली धूर गेला डोळ्यात. गॅसच्या शेगडीला कुठला धूर?

मग तिची दाढ दुखायला लागली. पाण्याची घागर उचलली की डाव्या जबड्यात कळ यायची, खाली ठेवली की जायची. पाठीतही भरून यायचं, घाम सुटायचा. पाठीला ओवा, घामाला वय, आणि दाढेला लवंग, असं तिनं वाटून टाकलं. नसीमबानो म्हणाली, "एक डाव दाखवून ये वं मोठ्या दवाखान्यात."

"मी तिथी जाऊन पडली तं याहिले जेवू कोन घालन? साधा चहा येत नाई त्याहिले."

शेवटी अमरावतीला नत्थुजींच्या तपासणीला गेले असताना तिनं दाढ काढून घेतली. एका इमारतीत वर हृदयाचे डॉक्टर, खाली दातांचे. वर नत्थुजींची सगळी मशीनं लावून तपासणी चालली होती, खाली मनकर्णा तोंड उघडून बसली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जिन्याच्या दहा पायऱ्यांचं अंतर, पण ते चढायचं कोणाच्या मनात आलं नाही; तिच्याही नाही. दाढ गेली, कळ राहिली.

पौषात गावातल्या पंजाबरावांनी नातवाच्या नवसाचे रोडगे केले. ताट आलं, नेहमीपेक्षा भरलेलं. मनकर्णाच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरत नव्हता. तरी तिनं संपवलं. संध्याकाळी नत्थुजींसाठी भाकरीचं पीठ मळता मळता तिचे हात परातीतच राहिले. श्वास येईना. नत्थुजी आले आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं: पळत जाऊन यंत्र आणलं आणि तिच्या पिठानं भरलेल्या दंडाला पट्टा बांधला. यंत्रावर आकडाच येईना. ते बटण दाबत राहिले. आवाज ऐकून धावत आलेल्या नसीमबानोनं त्यांना बाजूला ढकललं आणि नवऱ्याला गाडी काढायला हाक मारली.

दवाखाना तोच, डॉक्टरही तेच.

"बाई, तुम्हाला याआधी दोनदा तरी अटॅक येऊन गेलाय. कळलं नाही?"

"मले वाटलं दाढ हाये."

डॉक्टरांनी विचारलं, खाण्यापिण्याचं काय चाललं होतं, घरात तर पथ्याचा स्वयंपाक होता ना? तेव्हा मनकर्णानं सगळं सांगून टाकलं. ताटं, सासू, कोठीचा आडोसा. लपवायला आता अंगात जोर नव्हता. नत्थुजी पलंगाच्या पायाशी पाण्याची बाटली धरून उभे होते. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा म्हातारा होत चालला होता.

बाहेर डॉक्टर गजेंद्रला सांगत होते ते तिला अर्धवट ऐकू आलं. हृदयाचा बराचसा भाग निकामी झालाय, ऑपरेशनची वेळ निघून गेली, आता गोळ्या द्यायच्या, पाणी मोजून द्यायचं आणि जितके दिवस निघतील तितके. सून सीमाचं हुंदके देणं मात्र पूर्ण ऐकू आलं. मनकर्णाला त्या क्षणी स्वतःची काळजी वाटली नाही. वाटली ती भाकरीच्या पिठाची. परातीत तसंच राहिलं होतं, वाळून दगड झालं असणार.

घरी आणलं. सीमा काही दिवस राहिली, सासऱ्यांना खिचडी लावायला शिकवून पोरांच्या शाळेसाठी अकोल्याला गेली. तिनं चला म्हटलं होतं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या चढणं मनकर्णाला होणार नव्हतं. नत्थुजी आता स्वयंपाक करत. भाकरीचे नकाशे व्हायचे, वरणात गाठी असायच्या, पण मीठ ते चिमटीनंच टाकत. दोघांना तेच. कोठीवरून मिठाचा डबा त्यांनी खुर्चीवर चढून काढला होता. चालणं बंद झालं होतं, कारण तिला सोडून जायला ते धजत नव्हते. पांढरे बूट ओसरीत धूळ खात पडले होते.

फाल्गुनात पुन्हा मारुतीच्या पारावर रोडग्यांचा धूर निघाला. दुपारी पंजाबरावांची सून करिश्मा दारात आली, पदराखाली ताट.

"काका, मनकर्णाकाकूच्या नावाचं हाये."

खाटेवर पडल्या पडल्या मनकर्णानं ते ऐकलं. नत्थुजी नको म्हणतील असं तिला वाटलं. ते ताट घेऊन तिच्याकडे न पाहता आत गेले. बराच वेळ आवाज नाही. मग पापड मोडल्याचा आवाज आला. दोन वर्षांत तिनं त्यांच्या हातून न ऐकलेला.

ती उठली. भिंतीला धरत, दोन ठिकाणी थांबत कोठीपर्यंत गेली. नत्थुजी आडोशाला बसले होते, तिच्याच जागी, तिच्यासारखीच दाराकडे पाठ करून. रोडगा कुस्करून तुपात भिजवलेला. एकेकाळचा पंक्तीचा राजा, पण घास काही केल्या उतरत नव्हता. पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"काय करून राहिले वो तुमी?"

ते दचकले. मग म्हणाले, "मंग कुठी फेकू? तुह्या नावाचं हाये."

तिला ते ताट लाथेनं उडवायचं होतं. दोन वर्षं ज्या पोटात तिनं तुपाचा थेंब जाऊ दिला नव्हता, ज्यासाठी तिनं आपलं काळीज घालवलं, ते सगळं तिच्या डोळ्यांदेखत एका रोडग्यात बुडत होतं. पण पाय उचलायला दम नव्हता. ती दाराशी खाली बसली.

"फेका ते कुत्र्याले," ती म्हणाली. "खोटं हाये. सारं खोटं हाये. सासूबाईनं उगाच भरवलं माह्या डोक्यात. पाहा माह्याकडं, काय भेटलं मले?"

"खोटं कसं?" नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत वेड्यासारखी आशा होती, आणि तीच तिला सहन होईना. "तू खाल्लं माह्या नावाचं. मी जिता हाये ना? मंग मी खाल्लं तं तू बी जगशीन."

डॉक्टरांचं सगळं पथ्य तिला पाठ होतं, त्यात याचं उत्तर नव्हतं. आणि तिच्यापाशी असतं तरी त्यांनी ते ऐकलं नसतं, जसं तिनं नसीमबानोचं ऐकलं नव्हतं. नत्थुजींनी ताट बोटानं पुसून स्वच्छ केलं, छातीवर हात ठेवून थोडे थांबले, मग उठून मोरीवर ताट घासून आणलं आणि ते हातात धरून इकडेतिकडे शोधू लागले.

"गूळ वरच्या फळीवर हाये," मनकर्णा म्हणाली. "पितळेच्या डब्यात."