गुटगुटीत अक्षर

त्यानं कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

“वाच बरं, मावशी.”

मावशीनं डोळे बारीक केले नि घडाघडा वाचलं, “तुमचं नवं घर तुमची वाट पाहतंय! अगंबाई, काय गुटगुटीत अक्षर काढलंस रे ठोंब्या!”

अक्षर होतंच तसं. अंगठ्यासारखी गुबगुबीत रेघ, प्रत्येक टोक गोल, टोचेल असा कोपरा कुठेच नाही. दोन वर्षं तो या फॉन्टवर राबला होता आणि परीक्षक होती मावशी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. आता तिची नजर अधू झाली होती. दर रविवारी तो नवे नमुने समोरच्या भिंतीवर चिकटवायचा नि ती खाटेवरून वाचायची. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ जाडीत बुजते, हे तिनंच सांगितलं. त्यानं पोट मोठं केलं. मग फॉन्ट खेळण्यांच्या खोक्यांवर गेला, दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर गेला. शेवटी जुन्या इमारती पाडून नव्या बांधणाऱ्या एका कंपनीच्या साहेबांना तो आवडला. मावशी भाड्यानं राहायची ती इमारत त्यांनीच विकत घेतली होती.

“या अक्षरात काहीही लिहा, माणूस हसूनच वाचतो,” साहेब म्हणाले होते. “तुमच्या मावशींनी सही केली की बाकीचे भाडेकरू मुकाट्यानं करतील. मग आमचं सगळं काम तुमच्याकडे.”

खालचा मजकूर काटकुळ्या अक्षरात होता: सही करणाऱ्यानं साठ दिवसांत खोली रिकामी करावी; दुसरी जागा देण्यास कंपनी बांधील नाही. ती मांडणीही त्याचीच. अक्षर किती बारीक केलं की मावशीला दिसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? केसानं गळा कापायचा तर केस तरी बारीक नको?

“आणि खाली काय लिहिलंय?” मावशीनं विचारलं.

“काही नाही गं. नेहमीचंच. पत्ता-बित्ता.”

“नीट बघ हं.”

“बघितलंय.”

मग तिनं पेन मागून घेतलं आणि चाचपडत, पण अगदी चौकटीत सही केली. त्याचा जीव भांड्यात पडला. कागदाची घडी खिशात घालताना त्याला स्वतःची लाज वाटली खरी, पण ती दारापर्यंतच टिकली.

“ऐक,” मावशी खाटेवरून म्हणाली. “ते बारीक अक्षर काल शेजारणीनं वाचून दाखवलंय मला. तिच्याकडेही तोच कागद आलाय.”

त्याचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर.

“मग सही का केलीस?”

“तुला हवी होती ना? कधी नाही म्हटलंय तुला? आणि घाबरू नकोस, तुझ्याकडे राहायला येणार नाही मी.”

त्याचा हात खिशाकडे गेला. कागद फाडायला कितीसा वेळ लागतो! हात खिशावरच राहिला.

“जाताना भिंतीवरची तुझी अक्षरं तेवढी काढून ने,” मावशी म्हणाली. “दिवसभर दुसरं काही दिसतच नाही मला.”